कोल्ट १९०३ पॉकेट पिस्तुल: पुंगळी नेमकी का अडकते (प्रकल्पाच्या नोंदी)

६ एप्रिल २०२४, शनिवार

या पिस्तुलाचं जे काही करीन ते तारखेसकट लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण जुन्या यंत्रात एका वेळी चार गोष्टी बदलल्या की नंतर कशाने फरक पडला ते कळतच नाही. आधी थोडी ओळख. कोल्ट मॉडेल १९०३ पॉकेट हॅमरलेस, .३२ एसीपी नावाच्या छोट्या काडतुसाची. हार्टफर्ड, कनेक्टिकटला बनलेली, डिझाईन जॉन ब्राउनिंगचं. स्लाईडवर (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) त्याच्या पेटंटच्या दोन तारखा कोरल्यात, २० एप्रिल १८९७ आणि २२ डिसेंबर १९०३. हे मॉडेल १९०३ पासून १९४५ पर्यंत बनत होतं, साडेपाच लाखांच्या वर बनली, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातल्या जनरल लोकांना हीच पिस्तुल मिळायची. नावात हॅमरलेस आहे पण घोडा आहेच, तो स्लाईडच्या आत झाकलेला असतो, कोटाच्या खिशातून काढताना कापडात अडकू नये म्हणून.

माझी तिसऱ्या प्रकारातली, म्हणजे नळीला पुढे वेगळं बुशिंग (नळीच्या तोंडाशी बसणारं कडं) नाही, नळी पावणेचार इंच, ग्रिप, म्हणजे मुठीवरच्या पट्ट्या, काळ्या कडक रबराच्या. नंबरवरून पहिल्या महायुद्धाच्या आसपासची. इथे पेन्सिल्वेनियात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरचं सामान विकलं गेलं त्यात ही होती, रीतसर डीलरमार्फत, बॅकग्राउंड चेक होऊन माझ्या नावावर झाली. भारतात कोणी वाचत असेल तर एक आत्ताच सांगतो, तिकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलासुद्धा लायसन्स लागतं, तेव्हा आजोबांच्या कपाटातलं लायसन्सचं हत्यार घरी टेबलावर उघडायच्या भानगडीत पडू नका, लायसन्सवाल्या दुकानात द्या.

आज फक्त बघणं. मॅगझिन बाहेर, स्लाईड मागे, चेंबरमध्ये (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं) नजर, मग करंगळी घालून पुन्हा खात्री. या पिस्तुलात हे दोनदा करायलाच पाहिजे, कारण तिसऱ्या प्रकारात मॅगझिन सेफ्टी नाहीये (ती १९२६ नंतर आली), म्हणजे मॅगझिन हातात असलं तरी चेंबरमधलं काडतूस उडू शकतं. आणि शेवटची गोळी झाल्यावर स्लाईड मागे थांबत नाही, बंदच होते, त्यामुळे बाहेरून बघून भरलेली की रिकामी काही कळत नाही. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कपाटात, कुलपात. टेबलावर फक्त डमी, म्हणजे दारू नसलेली खोटी काडतुसं.

पहिल्याच तपासणीत एक सापडलं आणि ते साधं नाहीये. मुठीच्या मागे जी ग्रिप सेफ्टी असते ती हाताने दाबली की आत जाते, सोडली की आपोआप बाहेर यायला पाहिजे. ही आत गेली ती तिथेच राहिली. नखाने ओढली तेव्हा आली. म्हणजे ती सेफ्टी आत्ता नसल्यात जमा आहे. हे सुटेपर्यंत एकही गोळी मारायची नाही.

७ एप्रिल

उघडली. या पिस्तुलाची नळी फ्रेमला (खालचा मुठीसकटचा सांगाडा) खालच्या आडव्या कड्यांनी धरलेली असते, फ्रेममध्ये तशाच खाचा असतात. स्लाईड मागे ओढून तिच्यावरची खूण फ्रेमच्या पुढच्या कडेशी जुळवायची, नळी फिरवायची की कड्या खाचांतून सुटतात आणि स्लाईड पुढून निघून येते. एकही हत्यार लागत नाही. १९०३ साली कोणी हे असं सुचवून ठेवलंय याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

ग्रिपचे स्क्रू मात्र जपून. खाच अरुंद आणि बाजू सरळ, आपल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक निमुळतं असतं, ते वर चढतं आणि खाचेची कड फाटते. असे फाटलेले स्क्रू जुन्या पिस्तुलांवर इतके बघितलेत की वाईट वाटतं. समांतर घासलेलं टोक वापरलं, बरोबर खाचेच्या रुंदीचं, अर्धा वळसा आणि सुटला. ग्रिपच्या आतल्या बाजूला रबर अजून काळंभोर, बाहेर उन्हाने तपकिरी झालंय. ते तसंच राहू देणार.

आत काय होतं तर तेल, म्हणजे एके काळी तेल असलेलं. पिवळट तपकिरी, काकवीसारखं घट्ट, सगळ्या कोपऱ्यांत. कोणीतरी वर्षानुवर्षं तेलावर तेल घालत गेलंय आणि पुसलंय कधीच नाही. मिनरल स्पिरिट्स, नायलॉनचा ब्रश, जुन्या बनियनच्या चिंध्या. स्टील वूल नाही, पॉलिश नाही, ब्लूइंगला (पोलादावरचा मूळ निळसर काळा थर) हात नाही. संध्याकाळपर्यंत ग्रिप सेफ्टी स्वतःहून बाहेर यायला लागली पण अर्धवट आणि आळसावून. म्हणजे घाण होतीच, पण तिच्या पाठीमागची पानाची स्प्रिंगही दमलीये.

इथे मी थांबलो. चाप, सिअर (घोडा अडकवून धरणारा तुकडा), सेफ्टी हा भाग माझ्या टेबलावर नाही होणार. स्प्रिंग बदलणं, घासणं, मोजणं मला जमतं, पण जिथे चुकलं तर पिस्तुल आपोआप उडू शकते ते काम रोज करणाऱ्याच्याच हातात द्यायचं. सोमवारी गनस्मिथकडे.

९ एप्रिल, पाडवा

काकांना फोन केला पाडव्याचा. काका खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत गेज सेक्शनला, म्हणजे मापं तपासायच्या विभागात होते, आख्खी नोकरी तिथेच. ही फॅक्टरी १८६९ ची, त्यांच्या काडतुसाच्या बुडावर केएफ असा शिक्का असतो, के म्हणजे किर्की, खडकीचं इंग्रजांच्या तोंडातलं नाव. पिस्तुलाचं सांगितलं तर गुढीची चौकशी बाजूलाच राहिली.

"काका, अजून गोळी मारलेली नाही मी. दुरुस्त होऊन आली की नेणार रेंजवर."

"मारशील तेव्हा पुंगळ्या गोळा करून पिशवीत भरू नकोस. ओळीने ठेव. कुठली नीट उडाली, कुठली अडकली, त्या त्या पुंगळीवर लिही. आम्ही लॉट फेल झाला की आधी पुंगळी मागायचो, बंदूक नंतर."

"मार्कर चालेल ना?"

"चालेल की. आणि बुडाच्या कडेकडे, रिमकडे, भिंगातून बघायचं, नुसत्या डोळ्याने नाही."

हे करणार.

२० एप्रिल

पिस्तुल परत आली. पानाची स्प्रिंग बदलली, ग्रिप सेफ्टी आता टणकन बाहेर येते. गनस्मिथने माझ्यासमोर सगळ्या चाचण्या करून दाखवल्या, ग्रिप सेफ्टी न दाबता चाप ओढला तर घोडा पडत नाही, अंगठ्याची सेफ्टी वर असताना पडत नाही, चाप दाबून धरून स्लाईड मागेपुढे केली तर घोडा वरच राहतो आणि चाप सोडून पुन्हा दाबल्यावरच पडतो. सिअरच्या कडा भिंगाखाली चांगल्या आहेत म्हणाला, हात लावलेला नाही. फ्रेमला कुठे तडा नाही, पण स्लाईड जिथे मागे येऊन थांबते तिथे धातू चेपलेला दिसतोय, ती खूण त्याने बोटाने दाखवली. रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाईडला परत पुढे ढकलणारी, जुनी आहे, बहुतेक मूळचीच, हे त्याचं मत.

जुनी पानाची स्प्रिंग त्याने छोट्या पाकिटात घालून परत दिली. मूळ भाग फेकायचे नाहीत, ही पिस्तुल माझ्यानंतर कोणाकडे तरी जाणार आहे.

२७ एप्रिल

रेंज. पहिला दिवस म्हणजे बिघाड बघायचा दिवस, काही सुधारायचं नाही. काडतुसं ७१ ग्रेन (गोळीचं वजन), पूर्ण तांब्याच्या आवरणाची, गोल नाकाची. हे पिस्तुल याच गोळीसाठी बनलंय. शेजारच्या लेनमधला एक जण हॉलो पॉइंट (नाकाला पोकळी असलेली गोळी) देत होता वापरून बघ म्हणून, नको म्हटलं. कारण .३२ एसीपीचं काडतूस अर्धवट रिमचं असतं, बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर, पाव मिलिमीटरच्या आसपास प्रत्येक बाजूला. हॉलो पॉइंटचं काडतूस लांबीला कमी भरतं, मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला जागा मिळते, आणि वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिममागे जाऊन बसते. मग ते अडकलं की अडकलं, रेंजवर सुटत नाही. आधीच मला माहीत नसलेले बिघाड शोधायचेत, त्यात हा नवीन कशाला.

पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून, मग दोन, मग पूर्ण आठ. जे दिसलं ते असं. काही वेळा घोडा पडला, टक आवाज आला, गोळी नाही. (अशा वेळी नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबायचं, लगेच स्लाईड ओढायची नाही.) काही वेळा रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाईडमध्ये उभी अडकली, धुराड्यासारखी. आणि जुन्या मॅगझिनमध्ये शेवटची दोनतीन काडतुसं राहिली की स्लाईड काडतुसाच्या वरूनच निघून जाते, खालचं वर येतच नाही वेळेत. तीन वेगळे बिघाड, आणि तिघांचं कारण एकच असेल असं मला अजिबात वाटत नाही, जरी रेंजवरचे दोघे छातीठोक सांगत होते की स्प्रिंग बदल सगळं सुटेल.

गोळ्या जिथे मारल्या तिथे मात्र लागतात. शंभर वर्षांची नळी आणि इतके छोटे साईट्स, तरी दहा यार्डावर मुठीएवढ्या वर्तुळात. फार आनंद झाला.

२८ एप्रिल

पुंगळ्या टेबलावर ओळीने. दहापट भिंग आणि एक चांगला दिवा, खिडकीच्या उजेडात नाही दिसत नीट.

न उडालेली काडतुसं: प्रायमरवर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) खड्डा आहे पण उथळ, कडा गोल. उडालेल्यांवर खोल. म्हणजे प्रायमरवर आपटणारी पिन पोचतीये पण जोर कमी पडतोय, आणि कधी पडतोय कधी नाही.

धुराडं झालेल्या पुंगळ्या: इथे खरी गंमत. रिमच्या एका जागी चमकदार ओरखडा, आतून बाहेर गेलेला, आणि ओरखड्याच्या टोकाला पितळेची केसाएवढी लव उभी राहिलेली. एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचा, दात रिमवर बसला होता, ओढलं, आणि सटकला. नीट बाहेर पडलेल्या पुंगळ्यांवर तिथे नुसती पुसट दाबखूण आहे, ओरखडा नाही. म्हणजे पुंगळी चेंबरमधून यायला नको म्हणतीये किंवा दात धरत नाहीये, किंवा दोन्ही.

अजून एक बघितलं आणि ते आत्ता तरी नुसतं लिहून ठेवतो. बऱ्याच पुंगळ्यांच्या अंगावर, तोंडापासून थोडं खाली, एक बारीक खरबरीत डाग आहे. काजळी वाटली आधी, पुसली गेली नाही. नखाला लागतो.

१ मे

उथळ खड्ड्यांचं काम. स्लाईड (ग्रिप नाही, रबराला कुठलंही सॉल्व्हंट नको) रात्रभर मिनरल स्पिरिट्समध्ये बुडवून ठेवली, सकाळी ब्रीच फेसवरच्या (काडतुसाच्या बुडाला टेकणारी स्लाईडची बाजू) पिनच्या भोकातून तेच तपकिरी पाक खाली उतरलेला होता. हवेने फुंकलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा फुंकलं, स्पिरिट स्वच्छ येईपर्यंत. पिन आधी बोटाने ढकलली तर रेंगाळत परत यायची, आता चट्कन येते. तिथे तेल घातलं नाही, अगदी पुसटसा हात फक्त. पिनच्या बोगद्यात तेल भरून ठेवणं हेच तर मूळ दुखणं होतं.

घोड्याची स्प्रिंग बदलायचा मोह झाला होता कारण ती विकत मिळते, पण नाही, आधी एवढंच करून बघायचं.

११ मे

मॅगझिन. माझ्याकडे दोन आहेत, एकावर टेप लावून अ लिहिलं, दुसऱ्यावर ब. अ म्हणजे पिस्तुलाबरोबर आलेलं जुनं कोल्टचं, दोन रंगांचं, वरचा भाग फिका आणि खाली निळसर काळा, कारण तेव्हा ओठांकडचा (वरच्या तोंडाच्या, काडतूस धरून ठेवणाऱ्या वळवलेल्या कडा) भाग कडक करायला वेगळी उष्णता द्यायचे. ब म्हणजे अलीकडच्या काळातलं नवीन बनावटीचं.

व्हर्नियरने दोन्हींच्या ओठांमधलं अंतर मोजलं, पुढे आणि मागे. अ चे ओठ पुढे थोडे उघडलेत, डावा उजव्यापेक्षा जास्त. फार नाही, तीनचार दशांश मिलिमीटर. डमी काडतूस वर ठेवलं की नाक किंचित डावीकडे बघतं. शिवाय आत आठ डमी भरून एकेक ढकलून काढली तर शेवटच्या दोनतीनला स्प्रिंगचा जोर जवळपास नाहीच, बाजूच्या भोकांतून दिसतं की फॉलोअर (काडतुसांना खालून वर ढकलणारी पट्टी) तिरका होऊन रेंगाळतो.

अ चे ओठ वाकवून जागेवर आणता येतील का? येतील, पण मी आणणार नाही. शंभर वर्षांपूर्वी कडक केलेला पातळ पत्रा आहे, एकदा वाकला होता, परत वाकवला तर तडकू शकतो, आणि मूळ दोन रंगांचं मॅगझिन पुन्हा मिळत नाही सहजी. तळपट्टी पिनांनी बसवलेली आहे, ती काढून स्प्रिंग बदलणंही त्याच कारणासाठी नको. आतून धुतलं, वाळवलं, पुसटसं तेल, कागदात गुंडाळून पेटीत. आता गोळीबाराला फक्त ब. ज्यांच्याकडे जुन्या पिस्तुलाबरोबर एकच मॅगझिन आहे त्यांना माझं सांगणं, पिस्तुलावर एक पैसा खर्च करायच्या आधी दुसरं मॅगझिन घ्या, निम्मे बिघाड तिथेच असतात.

१८ मे

रिकॉइल स्प्रिंग. थोडं समजून घ्यायला पाहिजे की ही स्प्रिंग इथे इतकी महत्त्वाची का. या पिस्तुलात नळी आणि स्लाईड एकमेकांना कुलूप लावून धरलेले नसतात, नळी फ्रेममध्ये पक्की आणि स्लाईड नुसती तिच्यावर टेकलेली. गोळी सुटते तेव्हा वायू पुंगळीला मागे ढकलतो आणि पुंगळी स्लाईडला. तिला थोपवायला दोनच गोष्टी, स्लाईडचं वजन आणि स्प्रिंग. .३२ एसीपीचं काडतूस त्या मानाने सौम्य आहे म्हणून हे चालतं. पण स्प्रिंग दमली की स्लाईड जोरात मागे जाऊन फ्रेमवर आपटते, आणि परत येताना तिच्यात पुढचं काडतूस ढकलून पूर्ण बंद व्हायचा जोर राहत नाही. गनस्मिथने दाखवलेली चेपलेली जागा म्हणजे हेच.

जुनी आणि नवीन स्प्रिंग टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तारेची जाडी व्हर्नियरला सारखी, पण जुनी मोकळ्या लांबीला चांगली बोटभर आखूड. बसलीये ती. नवीन घेतली ती मूळच्या ताकदीची, जास्त कडक नाही. कडक मिळते आणि लोक घेतात, फ्रेम वाचेल म्हणून, पण मग स्लाईड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अर्ध्यावरच अडकते, म्हणजे मी ज्या बिघाडाच्या मागे आहे तोच हाताने तयार करायचा.

दुपारी रेंज, ब मॅगझिन. टक आवाज एकदाही नाही, पिनचा विषय संपला. वरून निघून जाणंही नाही. पुंगळ्या आधी माझ्या मागे पार दुसऱ्या लेनपर्यंत जायच्या, आता उजव्या हाताला सातआठ फुटांवर ढीग होतोय, हे मला आवडलं, स्लाईड आता आपटत नाहीये. पण धुराडं आहेच. कमी झालं, गेलं नाही, आणि गंमत म्हणजे पिस्तुल तापल्यावर जास्त. सुरुवातीच्या मॅगझिनला नाही, नंतर यायला लागतं.

२५ मे

खरबरीत डागाकडे परत.

तापल्यावर वाढतंय म्हटल्यावर मला चेंबरचा संशय आला. आज प्रत्येक काडतुसाच्या बुडावर मार्करने एक ठिपका दिला आणि एकेक हाताने चेंबरमध्ये घातलं, ठिपका बरोबर वर, घड्याळाच्या तबकडीवर बाराच्या जागी. एकच गोळी, पुंगळी उचलायची, ठिपका वर धरून बघायचं. सगळ्यांवर डाग तबकडीवरच्या पाचच्या जागेच्या आसपास, आणि सगळ्यांवर तोंडापासून तेवढ्याच अंतरावर. पितळेतला दोष असता तर तो गोल गोल कुठेही आला असता. हा चेंबरमधला आहे, पितळ दाबाखाली फुगतं आणि त्या जागेचा साचाच घेऊन बाहेर येतं.

घरी येऊन नळी काढली, चेंबरमध्ये मागून छोटा दिवा टाकला आणि भिंग. आहे. पाचच्या जागी खड्ड्यांचा एक छोटा पुंजका, बारीक, गंजाने खाल्लेला. नळीतही पुढे थोडे आहेत.

हे कसं झालं असणार ते आता कोणीही सांगेल ज्याने जुन्या बंदुका हाताळल्यात. त्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठासारखाच क्षार, आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. तेलाने पुसून तो जात नाही कारण क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून तेव्हाचे जाणकार शिपाई गरम पाण्याने नळी धुवायचे, वाळवायचे आणि मग तेल. या पिस्तुलाच्या मालकाने नुसतं तेल केलं, भरपूर केलं, मन लावून केलं असणार, आणि तेलाखाली क्षार आपलं काम करत राहिला. अमेरिकेत न गंजवणारे प्रायमर बाजारात यायला लागले ते १९२० च्या दशकाच्या शेवटी शेवटी, तोवर या पिस्तुलाने दहा वर्षं तरी काढली होती.

१ जून

चेंबरचं काय करायचं यावर आठवडाभर विचार चालू होता. रीमर (भोक कापून मोठं करणारं हत्यार) फिरवून खड्डे काढणं हा मार्ग नाहीच, चेंबर मोठं झालं की पुंगळी जास्त फुगेल, फाटेलसुद्धा, आणि मूळ नळी कायमची गेली. नवीन नळी लावणं हाही मार्ग आहे, पण खड्डे उथळ आहेत, पुंगळ्यांना कुठे फाट नाही, फुगवटा नाही. गनस्मिथला नळी आणि पुंगळ्या दोन्ही नेऊन दाखवल्या, तोही म्हणाला वापरायला हरकत नाही, पुंगळ्या बघत राहा.

मग काय उरलं तर त्या खड्ड्यांत साठलेलं. कांस्याचा ब्रश, सॉल्व्हंट, भिजत ठेवून परत ब्रश. चिंधीवर आधी काळं, मग हिरवट, मग राखाडी. राखाडी थांबेपर्यंत. यात काही कापलं जात नाही, फक्त खड्ड्यांतला थर निघतो, जो तापल्यावर चिकट होत असणार.

आणि एक्स्ट्रॅक्टर. स्लाईड हातात घेऊन डमी काडतूस दाताखाली सरकवलं आणि स्लाईड हळू हलवली. ते तिथेच धरून राहायला पाहिजे. पडलं. पुन्हा घातलं, पुन्हा पडलं. दात बाहेर काढला तर त्याच्यामागच्या खोबणीत तोच वाळलेला पाक, आणि त्याच्यात पितळेचे चमकणारे कण रुतलेले. दाताची कड भिंगाखाली तशी धारदार आहे, झिजलेली नाही, त्यामुळे कानस घेऊन तिला आकार द्यायचा प्रश्नच नाही. त्याची छोटी स्प्रिंग मात्र बसलीये, नवीन घातली. आता डमी धरून राहतं, स्लाईड उलटी केली तरी. जुनी स्प्रिंग पाकिटात, तारीख लिहून.

काकांना फोटो पाठवले होते ओरखड्याचे. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, "अरे, लव आतून बाहेर आहे ना, मग दात सुटलाय, पुंगळी अडकली होती म्हणून सुटलाय. दोन्ही बघ, एकावर थांबू नकोस." मेसेज ऐकला तेव्हा दोन्ही झालं होतं, पण बरं वाटलं.

८ जून

रेंज. मुद्दाम गरम दिवस, मुद्दाम न थांबता, कारण तापल्यावरच बिघाड यायचा. ब मॅगझिन, तेच ७१ ग्रेन. पूर्ण डबी संपली, धुराडं नाही, एकदाही नाही. मग दुसऱ्या डबीच्या शेवटाकडे एक पुंगळी जरा आळसाने उडाली, माझ्या मनगटावर पडली. तिला वेगळं ठेवलं.

घरी भिंगाखाली: रिमवर दाबखूण, ओरखडा नाही. पाचच्या जागी डाग आहे, तो राहणारच, पण कडा मऊ झाल्यात. आळशी पुंगळीवर काजळी इतरांपेक्षा जास्त, एका बाजूला पार खालपर्यंत. म्हणजे त्या काडतुसाचा दाबच कमी पडला, पितळ नीट फुगलं नाही आणि वायू बाजूने मागे आला. हे काडतुसाचं, पिस्तुलाचं नाही. पण यावरून एक ठरलं की डबीभर गोळ्या झाल्या की चेंबरमधून एकदा ब्रश, रेंजवरच.

युरोपियन ७३ ग्रेनची काडतुसं मिळतात, ती अमेरिकनपेक्षा जरा जोराची असतात आणि पुंगळी नक्कीच झोकात उडेल. पण ती या फ्रेमला रोज द्यायची माझी इच्छा नाही. चेपलेली जागा आधीच आहे.

१६ जून

स्लाईड जिथे थांबते त्या चेपलेल्या जागेचा आज जवळून फोटो काढला, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून, दिवा एका ठरलेल्या कोनात. दर दोनतीन महिन्यांनी असाच काढणार, म्हणजे वाढतेय की थांबलीये ते दिसेल. वाढली तर गोळीबार बंद, मग ती फक्त बघायची वस्तू.

पेटीत आत्ता जे आहे: पिस्तुल, ब मॅगझिन, आणि पाकिटांत मूळची रिकॉइल स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग, सेफ्टीची पानाची स्प्रिंग, प्रत्येकावर तारीख आणि का काढली ते. अ मॅगझिन त्याच्याच कागदात. पिस्तुलाच्या कुठल्याही मूळ भागाला कानस लागलेली नाही.

एक काम राहिलंय. कोल्टच्या जुन्या नोंदवह्यांमधून नंबर पाठवला की पिस्तुल कधी आणि कोणाकडे रवाना झाली त्याचं पत्र मिळतं, पैसे भरून. फॉर्म आज भरला. हार्डवेअरच्या दुकानात गेली होती की एखाद्या खेळाच्या सामानाच्या दुकानात, तेवढं कळलं तरी पुष्कळ.

पुढच्या वेळी रेंजवर जाताना: ब्रश, मार्कर, भिंग, ओळीने ठेवायला अंड्यांचा रिकामा ट्रे.